मी "करतो" म्हणत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. परीक्षा, पेपर तपासणी, मग लग्नसराई... कारणं नेहमीचीच. पण या वेळी लिहायचं कारण निराळं आहे आणि निम्म्या नातेवाईकांना ते अर्धवट माहीत आहे. अर्धवट गोष्ट जास्त जोरात फिरते, म्हणून एकदाचं सगळं सलग सांगून टाकते. (लग्नाच्या पंगतीत मला "तू ते बिटकॉईनचं काय करतेस गं?" असं विचारणाऱ्या तिन्ही काकूंसाठी हे खास :) )

तर झालं असं, की यंदा फेब्रुवारीत कुणीतरी माझ्या नावानं एक खातं उघडलं. फोटोंच्या त्या ॲपवर, जिथं मी वर्षातून चारदा काहीतरी टाकते. नाव तेच, फक्त शेवटी एक खालची रेघ जास्त. फोटो माझाच, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, जांभळ्या पैठणीतला. खाली लिहिलेलं, "शिक्षिका. गुंतवणूकदार. आर्थिक स्वातंत्र्याच्या वाटेवर." यातला पहिला शब्द तेवढा खरा! आणि मग त्या बाईनं (की बुवानं?) माझ्या यादीतल्या माणसांना एकेक करून मेसेज पाठवायला सुरुवात केली.

दूरच्या वाचकांसाठी थोडं गावाबद्दल. अंकुशनगर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती, आणि नाव पडलं ते अंकुशराव टोपे यांच्यावरून. हंगामात इथं घड्याळ लागत नाही. भोंगा, ट्रॅक्टरच्या रांगा, मळीचा वास, रस्त्यावर सांडलेल्या उसामागं धावणारी पोरं... यावरून दिवसाची वेळ कळते. आणि आमच्याकडं पैशालाही ऋतू असतो. पगारदाराला महिना असतो, ऊसवाल्याला बिल असतं. बिल खात्यावर पडलं की त्याच आठवड्यात सोसायटी, खताचं दुकान, ट्रॅक्टरवाला, लेकराची फी, राहिलेलं लग्न, सगळे दारात उभे. त्यातून जे उरतं ते किती तरी दिवसांनी हातात आलेलं "आपलं" असतं.

माझ्या मावसभावाचं हेच "आपलं" गेलं. अडतीस हजार.

तो घनसावंगीच्या बाजूला राहतो. चार एकर ऊस, दोन लेकी, थोरली बारावीला. त्याला आलेला पहिला मेसेज त्यानं मला नंतर दाखवला. "नमस्कार, तुम्ही कसे आहात? तुमचा दिवस चांगला जात असेल अशी आशा आहे. मी नुकतेच बिटकॉइन मायनिंगमध्ये गुंतवणूक केली आणि तीन तासांत मला अविश्वसनीय परतावा मिळाला. तुमची इच्छा असल्यास मी तुम्हाला मार्गदर्शन करतो."

आता मला सांगा, यात मी कुठं आहे? ज्याला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं, त्याला मी "तुम्ही कसे आहात" म्हणेन? मी म्हणते "काय रे, हाय का जिता?" आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते "करतो". मी बाईमाणूस, "करते" म्हणते! यंत्राकडून इंग्रजीचं मराठी करून घेतलं की असं होतं. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, मग यंत्र आपल्या मनानं पुरुष ठरवून मोकळं होतं. ठकसेनानं माझा फोटो चोरला, नाव चोरलं, गावसुद्धा बरोबर लिहिलं, पण काना आणि मात्रेवर अडकला.

हे पहिल्यांदा ओळखलं कुणी? गेवराईच्या आत्यानं. तिला वाचायला जाड भिंगाचा चष्मा लागतो, मेसेज नातवानं मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "ही कधीपासून 'करतो' म्हणायला लागली? आणि मला 'तुम्ही' म्हणती व्हय? ठेव तो फोन." झालं! आत्याची चौकशी संपली. मला मात्र तिनं हे सांगितलं महिन्यानं, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

भावाच्या लक्षात का नाही आलं? हे मी त्याला विचारलं, थोडं रागानंच. तो म्हणाला, "ताई, तू मास्तरीण. तू लिहितीस तवा शुद्धच लिहितीस. मला वाटलं कामाचं बोलतीय म्हणून तुम्ही-आम्ही." आणि "करतो" नजरेतून निसटलं, कारण त्याच्या पुढची ओळ पैशाची होती. खरं सांगू, मला यावर उत्तर सुचलं नाही. शुद्ध मराठी आणि परकं मराठी यांच्यात आपणच फरक ठेवलेला नाही. बँकेचा मेसेज, विजेच्या बिलाचा मेसेज, सरकारी पत्र, सगळी त्याच भाषेत येतात. "आपणांस कळविण्यात येते की". मग त्याच सुरात कुणी लुटायला आला तर माणूस बावचळणारच.

फोन का नाही केला? केला होता. त्या खात्यावरून उत्तर आलं, "मी वर्गात आहे, फोन घेऊ शकत नाही, कृपया संदेश करा." आणि मी खरोखरच वर्गात असते हो, त्या वेळी!

पैसे कसे गेले तेही सांगते, कारण पुढच्या वेळी ओळखायला उपयोगी पडेल. पहिल्यांदा पाच हजार मागितले. एक लिंक, त्यावर त्याच्या नावाचं पान, आलेख हिरवा, आकडा पळतोय. दुसऱ्या दिवशी त्या पानावर ऐंशी हजार! काढायला गेला तर "खाते सक्रिय करण्यासाठी" नऊ हजार. ते भरले. मग आला खरा डाव. "सरकारी नियमाप्रमाणे नफ्यावर ३० टक्के कर भरल्याशिवाय रक्कम काढता येणार नाही." ऐंशी हजारांचे तीस टक्के, चोवीस हजार. तेही भरले.

या तिसऱ्या पायरीचं मला फार वाटतं. कारण तीस टक्के ही थाप नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर आपल्याकडं खरंच ३० टक्के कर आहे. माझ्या भावानं ते कुठंतरी वाचलेलं होतं, म्हणून तर त्याचा विश्वास बसला. थोडी माहिती असलेला माणूस त्यांना जास्त आवडत असावा. पण हा कर आपण आपल्या विवरणपत्राबरोबर सरकारला भरतो. कुणा "मॅनेजर"च्या यूपीआयवर नाही भरायचा, आणि पैसे हातात यायच्या आधी तर नाहीच.

आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की या सगळ्या प्रकरणात बिटकॉईन कुठंच नव्हतं. ते पान म्हणजे एक चित्र. तो पळणारा आकडा पलीकडचा माणूस हातानं टाकत असणार. पैसे गेले साध्या यूपीआयनं, कुणा पोराच्या बचत खात्यात. असली खाती भाड्यानं मिळतात. चार पैसे कमिशन घेऊन पोरं आपलं पासबुक, कार्ड, सिम देऊन टाकतात. तिथून रक्कम तुकडे होऊन दहा खात्यांत जाते, कुठं एटीएममधून निघते, कुठं तिचं डॉलरला बांधलेलं नाणं होऊन देशाबाहेर जाते. क्रिप्टो खरं कुठं असलंच तर तिथं, शेवटच्या पळवाटेला. अशी भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं "म्यूलहंटर" नावाची प्रणाली तयार केलीय, डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणा झाली. खेचरं शोधणारा शिकारी! नाव छान आहे. आमचं खेचर तोवर चरून गेलेलं.

मला हे सगळं कळलं ते असं. एक दिवस दुपारच्या सुट्टीत भावजयीचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "ताई, अजून किती भरायचे?"

मी म्हटलं, "कसले?"

पलीकडं शांतता. मागं शेळी ओरडत होती तेवढीच. मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

तो "बरं" माझ्या अजून कानात आहे. तिला वाटलं, मी हात वर करतेय.

पुढचे दोन तास काय पळापळ! शाळेतून अर्धी रजा, एसटीची वाट न बघता एका पालकाच्या मोटरसायकलवर मागं बसून त्यांचं गाव. तिथं तो ओसरीत फोन हातात धरून बसलेला. मी त्याच्यापुढं माझा फोन ठेवला, माझं खातं उघडलं, शेजारी ते दुसरं उघडलं. तो कितीतरी वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. मग म्हणाला, "फोटो तर तुझाच हाय की." बरोबरच होतं त्याचं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक, पाठ करून ठेवा. तक्रार नोंदवली की ज्या बँकेत पैसे गेलेत तिला लगेच कळवलं जातं, आणि तोवर खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवलं जातं. "शिल्लक असेल ते" हे महत्त्वाचं. त्यामुळं इथं तास मोजायचे असतात, दिवस नाही. आमचा शेवटचा हप्ता जाऊन दोन दिवस झाले होते. अडतीस हजारांतले सहा हजार आठशे गोठले. बाकीचे गेले. जे गोठलेत ते परत मिळायला पोलीस, बँक अशी वाट आहे, आणि त्या वाटेवर भाऊ अजून चालतोय. पोलीस ठाण्यात तरुण अंमलदारानं नीट ऐकून घेतलं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड सांगितलं. संगणक वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आधी सापडला पाहिजे, एवढंच.

सोंग घेणारा म्हणजे तोतया. मराठीत यासाठी इतका नेमका शब्द आहे आणि आपण "फेक अकाउंट, फेक अकाउंट" करत बसतो! १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण भाऊ जिवंत आहेत ही आशा काही पडली नाही. पुढं भाऊ म्हणवणारा एक जण उभा राहिला, सुखनिधान नावाचा. १७७६ मध्ये तर त्यानं कोकणात चांगलं बंड माजवलं, किल्ले घेतले. शेवटी त्याच वर्षी पकडून पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं यावर "तोतयाचे बंड" नावाचं नाटक आहे. मी ही गोष्ट सातवीला शिकवताना नेहमी सांगते, आणि पोरं नेहमी विचारतात, "मॅडम, लोकांना ओळखू कसं आलं नाही?" मी आतापर्यंत सांगायचे, की तेव्हा फोटो नव्हते ना. यंदा ते उत्तर माझ्याच्यानं देववलं नाही. फोटो असून काय झालं? लोकांना भाऊ परत यायला हवे होते. माझ्या भावाला ऐंशी हजार यायला हवे होते. थोरलीची फी, विहिरीचं काम आणि एक थकलेला हप्ता, यांची बेरीज साधारण तेवढीच होत होती. हे त्यानं मला वहीत दाखवलं. ठकसेनाला ही बेरीज माहीत नव्हती, योगायोगानंच जुळली.

"शिकली सवरलेली माणसं कशी फसतात" म्हणणाऱ्यांना जरा यादी देते. १५ जुलै २०२० ला ओबामा, बायडेन, बिल गेट्स, एलॉन मस्क यांच्या खऱ्याखुऱ्या ट्विटर खात्यांवरून "बिटकॉईन पाठवा, दुप्पट करून देतो" असं जाहीर झालं होतं. काही तासांत लाखावर डॉलर जमले, आणि सूत्रधार निघाला फ्लोरिडातला सतरा वर्षांचा पोरगा. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या पंतप्रधानांच्या खात्यावरून भारतानं बिटकॉईनला मान्यता दिली अशी थाप थोडा वेळ झळकली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या यूट्यूब चॅनलवर सुनावणीऐवजी भलत्याच क्रिप्टोचा व्हिडिओ दिसत होता. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरला स्वतः सांगावं लागलं, की त्या गेमच्या जाहिरातीत बोलणारा मी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचेही खोटे व्हिडिओ निघाले. आणि आपल्या पुण्यात "गेनबिटकॉईन"नं महिन्याला दहा टक्क्यांची आशा दाखवून जे केलं, त्यात कुणाचं सोंग नव्हतं, खऱ्या नावानंच केलं. फसलेल्यांत भरपूर शिकलेले होते.

आता त्या ॲपवाल्यांबद्दल. नाव घेत नाही. मी तक्रार केली, "हे खातं माझं सोंग घेतंय." दोन दिवसांनी उत्तर, की आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही. पुन्हा केली. आधारकार्डाचा फोटो मागितला, दिला. तोंड डावीकडं-उजवीकडं वळवून व्हिडिओ मागितला, दिला. मी मीच आहे हे सिद्ध करायला मला एवढं सगळं, आणि त्या बुवाला मी व्हायला काहीच नाही! २०२१ च्या सरकारी नियमांत अशा तोतयेगिरीच्या तक्रारीवर कारवाईसाठी २४ तासांची मुदत घातलेली होती. त्या नियमाचा हवाला देऊन, कलमाचा आकडा टाकून, तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. शिवाय चौतीस नातेवाईकांनी आपापल्या फोनवरून तक्रारी केल्या (त्यातल्या दोघांनी चुकून माझ्या खऱ्या खात्याचीच केली, नावं सांगत नाही). एकोणिसाव्या दिवशी ते खातं गेलं. नियमानं गेलं, गर्दीनं गेलं की आपोआप, कळायला मार्ग नाही.

दरम्यान घरात वेगळीच चर्चा. आई म्हणाली, तुझ्या नावावर गेलेत, तू भरून दे. यांचं म्हणणं, भरलेस तर तूच घेतले होतेस असं होईल. दोघांचंही मला पटत होतं, म्हणजे झोप नाही. शेवटी मी भावाकडं गेले आणि म्हटलं, थोरलीच्या फीचे मी देते, मावशीची नात म्हणून, याचा त्याच्याशी संबंध नाही.

तो म्हणाला, "ताई, तू दिलेस तर लोक म्हणतील खरंच तूच व्हतीस."

म्हणजे माझ्या अब्रूसाठी तो अडतीस हजार सोसायला तयार होता. मी पाकीट परत आणलं. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं खरं, की त्याचा माझ्यावरचा विश्वास एक दिवसही हलला नव्हता. पैसे पाठवले ते माझ्यावर विश्वास होता म्हणून, आणि परत घेतले नाहीत तेही त्याच पायी. मला हे कौतुक वाटतं आणि जडही वाटतं.

भावजयीचं तसं नाही, आणि तिला मी दोष देत नाही. तिनं तीन महिने पहाटे उठून पाण्याच्या पाळ्या धरल्यात. तिच्या लेखी एक फोटो आला आणि बिल घेऊन गेला, आणि तो फोटो माझा होता. मागच्या आठवड्यात लग्नात भेटली. पाणी दिलं, लेकीचं सांगितलं, पेपर बरे गेले म्हणाली. सगळं बोलली. "ताई" मात्र म्हणाली नाही.

घराच्या ग्रुपवर आम्ही एक पद्धत पाडलीय. कुणीही, कुठल्याही नावानं पैशाचा विषय काढला की आधी विचारायचं, आजीच्या म्हशीचं नाव काय? (इथं लिहीत नाही, कारण उघड आहे :) ) पुण्याच्या भाच्याला ते माहीत नव्हतं, त्यामुळं खऱ्या भाच्यालाच परवा दोन तास उसने पैसे मिळाले नाहीत. आत्याला ही पद्धत मान्य नाही. ती म्हणते, बोलण्यावरून कळत नसंल तर म्हशीवरून काय कळणार.

आणि हो, नवीन बातमी. शेवटी दोन खालच्या रेघा असलेलं आणखी एक खातं उगवलंय. फोटो तोच, जांभळी पैठणी. तक्रार कालच टाकलीय. आज सकाळी पाहिलं तेव्हा ८४ जण त्याच्या मागं होते, त्यातले तीन आमच्याच शाळेतले. त्या तिघांना आता मधल्या सुट्टीत गाठायचंय.